देऊन टाका!

गाण्याला चाल असावी अशी आमच्या पिढीची एक भाबडी समजूत आहे. सकाळी आंघोळीला जाताना जे आपोआप तोंडात येतं ते गाणं चांगलं, आणि अंगाला साबण लावून होईपर्यंत जे टिकतं ते अजरामर, इतका आमचा सोपा हिशेब. या कसोटीला गजाननराव वाटवे उतरले, सुधीर फडके उतरले, फार काय काही जाहिरातीसुद्धा उतरल्या. ‘रेड हॉट चिली पेपर्स’ नावाच्या अमेरिकन मंडळींचं ‘गिव्ह इट अवे’ हे गाणं मात्र गेली तीसएक वर्षं मी न्हाणीघरात म्हणून पाहतो आहे, आणि दर वेळी दाराबाहेरून सौ. विचारते, “अहो, कुणाशी भांडताय?”

बरं, ही तक्रार आमच्या घरापुरती असती तर सोडून दिली असती. पण १९९१ साली हे गाणं निघालं तेव्हा टेक्ससमधल्या एका रेडिओवाल्यांनीही नेमका हाच मुद्दा काढला होता म्हणे. कंपनीची फार इच्छा होती की त्या स्टेशननं हे गाणं लावावं. त्यांनी निरोप धाडला, की गाण्यात चाल सापडली की या. टेक्ससमध्येही आमच्या वळणाची माणसं राहतात हे कळल्यावर मला त्या मुलखाविषयी एकदम आपुलकी वाटू लागली. पुढे लॉस एंजेलिसच्या एका स्टेशननं ते लावलं, आणि चाल नसलेलं हे गाणं असं काही चालत सुटलं, की त्याच वर्षी अमेरिकेतल्या ‘मॉडर्न रॉक’च्या यादीत पहिल्या नंबरावर जाऊन बसलं. १९९३ मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं. ज्या तबकडीत ते होतं तिचं नाव ‘ब्लड शुगर सेक्स मॅजिक’. या चार शब्दांपैकी पहिले दोन तेवढे आमच्या वयाला शोभतात; बाकीचे घरात मोठ्यानं उच्चारता येत नाहीत. पण जगभर तिच्या एक कोटीहून अधिक प्रती खपल्या.

आता चाल नाही म्हणजे गाण्यात आहे तरी काय? तर त्यात सम आहे. फंक नावाचा जो प्रकार जेम्स ब्राऊननं अमेरिकेत रुजवला, त्याचं सगळं मर्म पहिल्या मात्रेवर आहे. बाकीच्या मात्रांवर काय पाहिजे ते करा, रुसा, रेंगाळा, गल्लीबोळातून जा. पहिल्या मात्रेला मात्र सगळ्यांनी दारात हजर. आपल्याकडे तबलजी आणि गवई समेवर भेटले की श्रोते मान हलवतात. फंकमध्ये ही भेट दर चार मात्रांनी होते, त्यामुळे मानेला उसंतच नाही. या मंडळींची शिकवणीही अस्सल घराण्यात झालेली. त्यांची १९८५ सालची तबकडी दस्तुरखुद्द जॉर्ज क्लिंटननं बसवून दिली होती, आणि क्लिंटन म्हणजे फंकमधला खाँसाहेबच.

गाण्याचा सारा भार बासगिटारवर आहे. ती वाजवणाऱ्याचं नाव फ्ली, म्हणजे पिसू. (आईवडिलांनी ठेवलेलं नाव मायकेल. पण त्याला वाजवताना पाहिलं तर पिसू हेच बारशाचं नाव वाटतं.) पूर्वी हा गृहस्थ तारांवर अंगठ्याचे असे फटके मारी, की ऐकणाऱ्याला आपल्याच पाठीत बसल्यासारखे वाटत. या तबकडीत त्यानं हात आवरला. इथे तो सूर घसरवतो. डग्ग्यावर मनगट दाबून तबलजी जो घुमारा काढतो ना, अगदी तसा. मागे एक बारीकसं टँव-टँव ऐकू येतं, ते चक्क मोरचंग आहे! गिटारचा तुकडा तर फीत उलटी फिरवून घातलेला आहे. वाढलेलं ताट पुन्हा पातेल्यात जाताना पाहावं तसा तो ऐकू येतो. आणि या सगळ्यावर अँथनी कीडिस गात नाही, बजावतो. सावकाराच्या दारात उभं राहून चाललेली ती तगाद्याची भाषा आहे. फरक एवढाच, की सावकार मागतो आणि हा म्हणतो, देऊन टाका.

हे देण्याचं काय प्रकरण आहे? कीडिसनं ते आपल्या आत्मचरित्रात सांगितलं आहे. बँड नवा होता तेव्हा नीना हागेन नावाच्या जर्मन गायिकेशी त्याचा स्नेह होता. एकदा तिच्या कपाटात त्याला एक झकास जाकीट दिसलं. हा म्हणाला, छान आहे. ती म्हणाली, घेऊन जा. हा चकित! तिचं म्हणणं असं, की कपाट भरून ठेवून सगळं आपल्यापाशीच राखायला गेलं की आयुष्य आखडतं. आवडती वस्तू देऊन टाकली की जग मोठं होतं. ते जाकीट त्याच्या डोक्यात कैक वर्षं राहिलं आणि त्याचं हे गाणं झालं.

ही गोष्ट वाचल्यावर मी थोडा वेळ आमच्या कपाटासमोर जाऊन उभा राहिलो. कपडे देणं आम्हालाही माहीत आहे हो! पण आमच्या देण्याला बोहारीण नावाची एक संस्था होती. चार जुनी लुगडी, दोन विजारी आणि लग्नातला सूट हा एवढा ऐवज तिच्यापुढे टाकायचा, आणि तिनं नाक मुरडून एक स्टीलचं पातेलं पुढे करायचं. मग दीड तास घासाघीस. “बाई, या साडीला अजून जर आहे!” “अवो, जर हाय, पर साडी कुठाय?” शेवटी पातेल्याच्या जागी डबा आणि डब्यावर एक वाटी, यावर तह. नीनाबाईंच्या जागी आमची आई असती तर ते जाकीट कीडिसला निदान एका पिंपाशिवाय मिळालं नसतं. आमच्याकडे लग्नाच्या आहेराचीसुद्धा वही असते. कुणी किती दिलं ते लिहून ठेवायचं, म्हणजे परत करताना चूक होत नाही. विंदा करंदीकरांनी देण्याघेण्यावर एवढी थोर कविता लिहिली, तर तीही आम्ही निरोपसमारंभात, शाल आणि श्रीफळ देऊन झाल्यावर म्हणतो.

शिवाय आपल्याकडे देण्याचं गाणं बहुधा घेणारा गातो. वासुदेव पहाटे दारात येऊन दानाची थोरवी सांगतो ती झोळी पसरून, आणि त्यात काही गैर नाही; तो त्याचा धर्म आहे. कीडिसची अडचण उलटी आहे. तो देणारा म्हणून गातो, आणि देणाऱ्यानं देण्याविषयी बोलायला लागलं की त्याच्या आवाजात ट्रस्टच्या पाटीवरची अक्षरं चमकायला लागतात. या गाण्याच्या शब्दांत हा दोष आहेच. निम्मे शब्द औदार्याचे, तर निम्मे स्वतःच्या मर्दुमकीचे. काही तर सोवळ्यात मुळीच न बसणारे. नुसतं गाणं ऐकलं तर, देऊन टाका असं सांगणाऱ्या या माणसाची एक नजर सतत आरशाकडे आहे असं मला वाटत राहतं. रेडिओवाल्यांना चाल सापडली नाही. मला शब्दांत जाकीट सापडलं नाही.

ते सापडलं चित्रफितीत. १९९२च्या सुमाराला आमच्या सोसायटीत गच्चीवरून केबलच्या तारा उतरू लागल्या, आणि शेजारच्या काकांनी आम्हाला परदेशी वाहिनी पाहायला बोलावलं. पडद्यावर वाळवंट. रंग नाहीत. आणि त्यात चार अर्धेउघडे पुरुष, अंगभर चंदेरी रंग फासलेले, उन्हात चमचमत उड्या मारताहेत. जणू वर्ख लावलेल्या चार काजूकतल्या बशीतून निसटून सहाऱ्यात पोचल्या आहेत. (वाळवंट कॅलिफोर्नियातलं, मोहावी नावाचं.) काकांनी टीव्हीच्या डोक्यावर थाप मारली. रंग आले नाहीत. काकू म्हणाल्या, “अंगाचं निघेल का हो ते नंतर?”

ही फीत स्तेफान सेदनावी या फ्रेंच माणसानं केली. मूळचा तो छायाचित्रकार. १९९२च्या एमटीव्ही पुरस्कारांत तिला दोन बक्षिसं मिळाली आणि त्यांतलं एक होतं कलादिग्दर्शनाचं. कलादिग्दर्शनाचं! वाळू देवाची, आभाळ देवाचं, सूर्य तर सार्वजनिक. आमच्याकडे सत्यनारायणाच्या चौरंगाला केळीचे खांब बांधणारा याहून जास्त सजावट करतो. मी पुष्कळ दिवस या बक्षिसावर हसत होतो, आणि अजूनही चारचौघांत हसतो. पण खरं सांगायचं तर परीक्षकांना दृष्टी होती. त्या काळच्या इतर फिती आठवून पाहा. कुठे मोटारगाडी, कुठे धुराचे लोट, कुठे स्टेडियमभर गर्दी, कुठे केस उडवणाऱ्या ललना. गाणं कुठे आहे ते शोधावं लागे. इथे सेदनावीनं एकेक वस्तू घराबाहेर काढली. घर काढलं, रस्ता काढला, प्रेक्षक काढले, गोष्ट काढली, शेवटी रंगही काढले. ऊन पकडायला चार अंगं तेवढी उरली. मागे कुठे नजर ठरत नाही, म्हणून खांद्याचा एक झटका, मानेची एक गिरकी लख्ख दिसते, आणि समेवर चौघं कसे आदळतात ते कानाआधी डोळ्यांना कळतं. जे काम बासगिटारनं फटके कमी करून केलं, तेच या माणसानं देखावा कमी करून केलं. शब्द देण्याविषयी बोलत राहतात, पण फितीत देणं घडताना दिसतं. चेहऱ्यापासून टाचेपर्यंत जेवढं आहे तेवढं उधळायचं, आणि पिंपाची वाट पाहायची नाही. कीडिसची मर्दुमकीही इथे सुसह्य होते. चंदेरी ओठांनी कॅमेऱ्याला भिडून तोंडं वेडावणारा माणूस आरशात पाहत नसतो, निदान मला तरी तसं दिसत नाही.

त्या चौघांत एक पोरगेला गिटारवाला आहे, जॉन फ्रुशान्ते. तेव्हा एकवीस वर्षांचा. त्याच्या आधीचा गिटारवादक हिलेल स्लोवाक १९८८ मध्ये अंमली पदार्थांपायी गेला. त्याची तबकड्या ऐकून भक्त झालेला हा पोरगा अठराव्या वर्षी त्याच्याच जागेवर येऊन उभा राहिला. फितीत बाकीचे उड्या मारतात, आणि हा हातात एक लांब रिबीन घेऊन ती वाऱ्यावर फिरवत एकटाच नाचतो. कुणासाठी नाही, कॅमेऱ्यासाठी तर मुळीच नाही. गाण्याला यश आलं, पाठोपाठ तबकडीला आलं, सभागृहं मोठमोठी होत गेली आणि या पोराला ते सोसेना. मे १९९२ मध्ये जपानचा दौरा चालू असताना तो सगळं टाकून निघून गेला. पुढची कित्येक वर्षं व्यसनात गेली. दात गेले, घर जळालं. १९९८ मध्ये तो परतला, २००९ मध्ये पुन्हा सोडून गेला आणि २०१९च्या अखेरीला पुन्हा आला. देऊन टाका म्हणणारा कीडिस बँडमध्ये टिकला. ज्यानं ते शब्दशः ऐकलं, त्याला परत मिळवायला सहा वर्षं लागली.

यातलं काहीच आम्हाला तेव्हा काकांच्या घरी ठाऊक नव्हतं. फीत संपली. काकांनी वाहिनी बदलून बातम्या लावल्या. जिना उतरताना सौ. म्हणाली, “सगळ्यांचं ठीक आहे हो, पण त्या रिबीनवाल्याला कुणीतरी जेवायला घातलं पाहिजे.”