बावीस श्रुती, एक बोर्ड आणि माझा खोटा गंधार

संशोधनासाठी स्वतः वाद्य बनवायचं डोक्यात असेल, तर आधी ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओक यांची २२ श्रुती हार्मोनियम समजून घ्या. मग मी डोंबिवलीत घरच्या टेबलावर तिची जी इलेक्ट्रॉनिक नक्कल केली, तीही बघा.

साध्या पेटीत सप्तकाचे बारा स्वर सारख्या अंतरावर लावलेले असतात. त्यामुळे कुठलीही पट्टी सा म्हणून चालते, पण गवयाचा गंधार तिच्यात सापडत नाही, ही तक्रार जुनी आहे. १९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली, त्यामागे हाही आक्षेप होता. ओकांचं उत्तर एकदम हिशेबी. षड्ज-पंचम अचल, बाकी दहा स्वरांना प्रत्येकी दोन जागा. २ + २० = २२. कोणती जागा हवी ते वाजवणाऱ्याने आधी ठरवायचं. दोन जागांमधलं गुणोत्तर ८१/८०, म्हणजे साधारण २१.५ सेंट. (साध्या पेटीवर शेजारच्या दोन स्वरांत १०० सेंट असतात.)

आता सा २४० हर्ट्झ धरा. खालचा शुद्ध गंधार ५/४ ने ३००. वरचा ८१/६४ ने ३०३.७५. साध्या पेटीचा ३०२.४ च्या आसपास. हे तीन गंधार शेजारीशेजारी ऐकावेत म्हणून मी आर्डुइनो उनो बोर्डाला छोटा स्पीकर जोडला, टोन() हे तयार फंक्शन वापरलं आणि ऐकलं. वरचा गंधार आणि पेटीचा गंधार अगदी एकच! वहीत लिहूनही टाकलं, "हा फरक कानाला कळत नाही." तेवढ्यावर सेमिनार द्यायला निघाले होते हो.

गाइड मॅडमनी एकच विचारलं, "बोर्डातून ३०३.७५ निघतंय, हे मोजलंस का?"

मोजलं नव्हतं. मोजल्यावर दोन्ही वेळा ३०३.४ आलं. टोन() ला पूर्णांकच चालतो, म्हणून माझे आकडे ३०२ आणि ३०३ झाले. पुढे बोर्डाचा टायमर या पट्ट्यात ६२,५०० ला त्या आकड्याने भागतो आणि अपूर्णांक टाकून देतो. ३०२ ने भागलं तर २०६.९, ३०३ ने भागलं तर २०६.३. उरले दोन्हीकडे २०६. म्हणजे मी एकच स्वर दोनदा ऐकून कानाबद्दल निष्कर्ष काढला होता. सासुद्धा २४०.४ वर गेला होता. बोर्डाचा यात दोष नाही, ते फंक्शन श्रुती मोजायला केलेलंच नाही.

दुसरी चूक याहून आतली. गंधार लागला की नाही, हे कळायला मोठा आधार असतो सा च्या पाचव्या आणि ग च्या चौथ्या हार्मोनिकच्या जुळण्याचा: २४० × ५ = १२००, ३०० × ४ = १२००. तानपुऱ्यातला स्वयंभू गंधार म्हणतात तो हाच पाचवा हार्मोनिक. गंधार ३०३.७५ झाला की १२१५ येतात, आणि सेकंदाला १५ विस्पंदांची थरथर ऐकू येते. पण टोन() चौकोनी तरंग देतं, आणि त्यात सम हार्मोनिक नसतातच! चौथा गायब, मग थरथर कुठून येणार? चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये दाखवलं होतं की तानपुऱ्याच्या जवारीमुळे, छेडण्याच्या जागेमुळे जे हार्मोनिक दबायला हवेत तेही उमटतात. माझं वाद्य नेमकं उलट्या दिशेने गेलं होतं.

ओकांच्या पेटीत यातलं काही लपलेलं नाही. बावीसही गुणोत्तरं उघड आहेत, त्यांच्याशी भांडता येतं. आणि भांडावंच. जैराजभॉय आणि स्टोन यांनी १९६३ मध्ये प्रत्यक्ष वादन मोजलं, तेव्हा एकाच स्वराची जागा कलाकारागणिक बदललेली दिसली. पेटी बावीस जागा वाजवून दाखवते. गळा त्याच बावीस जागांवर थांबतो, हे त्यावरून सिद्ध होत नाही. दोन जागांमधली मींड तर तिच्यात येतच नाही. म्हणून मी या वाद्याला पुरावा म्हणणार नाही. ते काटेकोर मांडलेलं गृहीतक आहे, आणि तसं म्हणून मला ते फार आवडतं.

सध्या माझ्या बोर्डात टोन() च्या जागी ३२ बिटांचा फेज काउंटर आहे आणि सम-विषम सगळे हार्मोनिक असलेला करवती तरंग. ३०३.७५ ला थरथर स्पष्ट येते. पेटीच्या गंधारालाही येते, जरा संथ, सेकंदाला साडेनऊच्या आसपास. वहीतलं ते जुनं वाक्य मी खोडलेलं नाही, शेजारी मोजमापाची तारीख घातली आहे.