गूढाची दोन फळे

गूढ उकलल्यावर जाणणाऱ्याचे काय होते, यावर त्या गूढाचे स्वरूप ठरते. लव्हक्राफ्टच्या भयकथांवर आधारलेल्या, १९८१ मध्ये अमेरिकेत निघालेल्या ‘कॉल ऑफ क्थुलू’ या खेळात मेजाभोवती बसलेले खेळाडू शोधकांच्या भूमिका घेतात. एक जण कथा चालवितो, फासे कौल देतात. अतिमानुषाविषयी जितके अधिक कळते, तितका शोधकाच्या मनाचा तोल ढळतो. ज्ञान हीच तेथे आपत्ती होय.

तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांच्या (राज्यकाल १७९८–१८३२) ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नाटकात नेमके उलट घडते. तमिळ कुरवंजी-नाट्यात भविष्य सांगणारी भटकी स्त्री विरहिणी नायिकेचा हात पाहते. येथे मात्र ती इंद्राणीपुढे पृथ्वीवरील खंडे व देश वर्णू लागते. भाकिताच्या साच्यात राजाने भूगोल ओतला आहे. देशनामांच्या या गर्दीत विरहाचा रस आटतो, हा आक्षेप रास्तच आहे. थरार तर त्या खेळातच अधिक. तथापि ज्ञानाने मन भंगत नाही, विस्तारते, हा या नाटकाचा विश्वास मोलाचा आहे. म्हणूनच मराठी समीक्षेने त्याला केवळ ग्रंथालयातील नवलवस्तू मानून बाजूस ठेवू नये.