खुलासा पुरे, परिणाम सांगा

विज्ञानकथेतलं विज्ञान किती खरं असावं, हा वाद ज्यूल व्हर्नपासून चालत आला आहे. व्हर्नने १८६५च्या कादंबरीत चंद्राकडे माणसं धाडली ती ९०० फूट लांबीच्या तोफेतून. पृथ्वीच्या ओढीतून सुटायला लागणारा वेग, सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर, त्याने जवळपास बरोबर धरला. पण तेवढ्या नळीत तो वेग गाठायचा, तर आतल्या माणसांवर त्यांच्या वजनाच्या वीस हजार पटींहून जास्त भार येणार. धक्का सोसायला घातलेल्या पाण्याच्या थराने त्यात काय भागणार? एच. जी. वेल्सने १९०१मध्ये असल्या हिशेबाच्या फंदात न पडता गुरुत्वाकर्षण अडवणारा 'केव्होराइट' नावाचा पदार्थच कल्पिला. व्हर्नला ते रुचलं नाही.

तरी आज पारडं वेल्सचंच जड वाटतं. केव्होराइट ही शुद्ध थाप, पण एकदा मारल्यावर वेल्स ती निभावतो. केव्होराइटच्या पत्र्यावरची हवा वजनहीन झाली, तर भोवतालची हवा तिला वर रेटणार, वादळ उठणार, हे ओळखून तो संशोधकाचं घरच उद्ध्वस्त करतो. विज्ञानकथेतली संभाव्यता ती हीच. गृहीतक कितीही अचाट असो, त्याचे परिणाम लेखकाला चुकवता येत नाहीत.

जाणता वाचक ते चुकवूही देत नाही. लॅरी निव्हनच्या 'रिंगवर्ल्ड'मध्ये (१९७०) ताऱ्याभोवती एक प्रचंड कडं फिरतं. असं कडं स्थिर राहणार नाही, हे एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी निव्हनला जाहीरपणे ऐकवलं. पुढच्या भागात त्याने कडं जागेवर ठेवणारी इंजिनं आणली आणि ती काढून नेल्यामुळे ओढवलेल्या संकटावरच कथानक उभं केलं.

मराठीत १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावाने आलेल्या 'कृष्णविवर' या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. हे जगताप म्हणजे जयंत नारळीकर. पुढे बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनी ही वाट रुंद केली. विज्ञान तपासून घेण्याची शिस्त रुजली, पण तिच्या आडून मास्तरकीही शिरली. विज्ञानप्रसार हेच ध्येय ठरलं की कथेच्या मध्यावर एखादे प्राध्यापक उभे राहतात आणि समोरचा आज्ञाधारकपणे 'म्हणजे काय, सर?' असं विचारतो. माहिती अचूक असते, पण कथा तेवढा वेळ खोळंबते.

नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत दोन्ही प्रवृत्ती शेजारी शेजारी दिसतात. पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली नाही आणि मराठे जिंकले, एवढंच गृहीतक. त्यातून उभ्या राहिलेल्या जगात ईस्ट इंडिया कंपनी अजून चालू आहे, मुंबई इंग्रजांकडे निव्वळ भाडेपट्ट्याने आहे आणि दिल्लीचा बादशहा नामधारी उरला आहे. शेवटी कथेतला राजेंद्र देशपांडे कॅटॅस्ट्रॉफी थिअरी आणि पुंजयामिकीच्या आधारे सारं उलगडून सांगतो. त्या खुलाशाने कोडं सुटतं खरं, पण पटवण्याचं काम त्या भाडेपट्ट्याने आधीच केलेलं असतं.

नारळीकर मे २०२५मध्ये गेले. त्यांनी लिहायला सुरुवात केली तेव्हा कृष्णविवर म्हणजे काय, हे सांगणंही गरजेचं होतं. आज वाचकाच्या खिशातला मोबाईल ते सांगतो. मास्तरकीची गरज सरली, पण तिच्यासोबत शिस्तही सुटते आहे. आताच्या पुष्कळ कथांत कृत्रिम बुद्धिमत्ता मंत्रासारखी वापरली जाते. तिला वीज लागत नाही, विदा लागत नाही, तिची चूक होत नाही आणि तिच्यामुळे कुणाची नोकरीही जात नाही. हिला केव्होराइटचाही मान देता येत नाही, कारण तिच्यापायी कुणाचं घर पडत नाही.

जनुकं बदलून मधुमेह टाळणारा उपचार निघाला, अशी कथा लिहायची असेल, तर पेशीतली जनुकं कापणारी कात्री कशी चालते हे दोन ओळींत आटपावं. विमा कंपनीने हप्ता कुणाचा वाढवला, स्थळं पाहताना आता कोणती चौकशी होऊ लागली, थोरल्याच्या उपचारात पैसे संपले तेव्हा धाकट्याचं काय झालं, यावर पानं खर्चावीत. त्या घरातला हिशेब चुकला, तर जनुकांविषयीची प्रत्येक ओळ बरोबर असूनही कथा खोटीच ठरेल.