टाळी पडली, पुढं काय?

जयंतीला आमच्या वस्तीत भाषणं होतात. वक्ता निम्मा वेळ व्यासपीठावरच्यांची नावं घेतो, मग आवाज चढवतो, शेर टाकतो, टाळी! मीही तसाच शिकलो. एका शिबिरात मास्तरांनी हात कधी उचलायचा तेवढं शिकवलं. मागल्या साली दणकून बोललो. खाली उतरलो तर शेजारची मावशी म्हणाली, "चांगलं बोललास लेका, पण आम्ही करायचं काय?"

मग रातपाळी करून आलो की 'मुक्ती कोन पथे?' वाचायचो. १९३६ च्या मे महिन्यात मुंबईच्या महार परिषदेत बाबासाहेबांनी केलेलं हे भाषण. माणूस परदेशात शिकलेला, पण समोर कामगार, खेडूत. म्हणून सुरुवात कुठून, तर नावाडी निघण्याआधी तयारी करतो तिथून. मग प्रश्न टाकतात, आपल्यावरच जुलूम का? मनुष्यबळ, द्रव्यबळ, मानसिक बळ असा एकेकाचा हिशोब मांडतात. बेरीज ऐकणारा आपली आपण करतो. त्याच्या पोटातल्या शंका तेच वर काढतात. नाव बदलून काय होणार, ही सुद्धा. कुठलीच हसण्यावारी नेत नाहीत. शेवटी बुद्धानं आनंदाला केलेला उपदेश, आणि निर्णय लोकांवर.

भाषण लांबलंय असं मधे मधे वाटलं, खोटं कशाला बोलू? पण गाळावी अशी एक शंका सापडली नाही.

आमचे वक्ते बाबासाहेबांचं नाव घेतात आणि शंका विचारणाऱ्याला "खाली बस" म्हणतात.

यंदा पोरांची तयारी घेताना माईक बंद ठेवलाय. आधी मावशीचा प्रश्न वहीत लिहा म्हणतो.