सही कुणाची?

अलेक्झांडर पेन यांच्या 'द डिसेन्डंट्स' (२०११) या चित्रपटाविषयी बोलताना हवाईतली वडिलोपार्जित जमीन आणि जॉर्ज क्लूनीचा अभिनय यांचीच चर्चा अधिक होते. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मीही तेवढेच पाहिले होते. दुसऱ्यांदा पाहिला तो नवऱ्याच्या वर्षश्राद्धानंतर. मेंदूतल्या रक्तस्रावामुळे तो अकरा दिवस व्हेंटिलेटरवर होता. डॉक्टर बोलत ते माझ्या दिरांशी; वैद्यकीय मंडळांचे मत आल्यावर कागद मात्र माझ्यापुढे सरकवला गेला. सही मी केली.

चित्रपटात बोटीच्या अपघातानंतर एलिझाबेथ कोमात आहे. ती आता उठणार नाही, आणि तिनेच लिहून ठेवलेल्या वैद्यकीय इच्छापत्राप्रमाणे यंत्रे काढावी लागतील, असे डॉक्टर तिच्या नवऱ्याला, मॅटला, सांगतात. प्रश्न तिथेच मिटतो. मॅटला ठरवायचे काही उरत नाही, उरते ते इतरांना सांगणे. हे सांगणे पेन यांनी फार ताकदीने रंगवले आहे. थोरली मुलगी पोहण्याच्या तलावात असताना बाप तिला बातमी देतो. ती पाण्याखाली जाते आणि तिथेच रडते.

माझी तक्रार पुढे सुरू होते. जिथे शंका यायला हवी, तिथे पटकथा एलिझाबेथचे प्रेमप्रकरण आणून ठेवते. तो पुरुष कोण, हे मॅट शोधत फिरतो. ती अजून आत कुठे असेल का, हा प्रश्न त्याला छळत नाही. मला तोच छळला. तिसऱ्या दिवशी पापणी हलली होती, ती काय होती? डॉक्टरांनी समजावले, मला समजलेही. तरी सही करताना पापणीच आठवत होती.

एलिझाबेथवर चित्रपट अन्याय करतो, असेही म्हणता येईल. आरंभी ती हसताना दिसते, नंतर पलंगावर मुकी. नवरा आणि मुलगी तिच्यावर ओरडतात, उत्तर नाही. हा आक्षेप मीही घेतला असता. आता वाटते, ते इच्छापत्र हाच तिचा एकमेव संवाद आहे, आणि तो ती नवऱ्याच्या आधी बोलून गेली आहे. मुलीच्या दुःखाने संतापलेले वडीलही मॅटला वाटेल ते बोलतात, पण यंत्रे बंद करू नका म्हणत नाहीत.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने अशा इच्छापत्राला ९ मार्च २०१८ रोजी मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सोपी केली. आम्ही दोघांनी ते केले नव्हते. बँकेत वारसदाराचे नाव मात्र न चुकता लावले होते.

शेवटी मॅट आणि दोघी मुली एकाच गोधडीखाली आइस्क्रीम खात टीव्ही बघतात. ती गोधडी रुग्णालयात एलिझाबेथच्या अंगावर होती. पहिल्या वेळी हे माझ्या लक्षातही आले नव्हते.