वजाबाकीने आलेला प्राणवायू

सेंद्रिय पदार्थ जाळून त्याचे सूत्र काढण्याची रीत क्रमिक पुस्तकांत बहुधा त्रैराशिकासारखी दिलेली असते. गणित सुटते, पण त्यातील विचार विद्यार्थ्याच्या हाती लागत नाही, अशी या लेखनाविषयी आमची तक्रार आहे.

आटपाडीचे डाळिंब घ्या. त्याच्या गोडीत द्राक्षशर्करेचा वाटा आहे. अशी १८० मिलिग्रॅम शुद्ध शर्करा प्राणवायूत पूर्ण जाळली असता २६४ मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड व १०८ मिलिग्रॅम पाणी मिळते. पहिल्याच्या ४४ भागांत १२ कार्बन, दुसऱ्याच्या १८ भागांत २ हायड्रोजन. म्हणजे अनुक्रमे ७२ व १२. उरलेले ९६ प्राणवायूचे. अणुभारांनी भागिले की प्रमाण १:२:१ येते.

हा प्राणवायू कोणी तोललेला नाही. शर्करेतला कोणता व बाहेरून दिलेला कोणता, हे जळाल्यावर ओळखता येत नाही. म्हणून तो वजाबाकीने काढावा लागतो, आणि इतर दोन तोलांतील चूक त्याच्याच माथी बसते. लीबिगने १८३१ साली पोटॅशच्या द्रावणाचे पाच काचेचे फुगे जोडून कार्बन डायऑक्साइड पकडला, तो याच दक्षतेपायी. शिवाय शिरक्यातील आम्लाचेही प्रमाण हेच! रेणुभार कळल्यावाचून गोडाआंबटाचा निवाडा होत नाही.

मराठी शाळेतून आलेल्या आटपाडीच्या मुलास अकरावीत हा विषय इंग्रजीतून भेटतो. रीतीबरोबर तिची मर्यादाही सांगणारे मराठी पुस्तक त्याच्याजवळ असावे, एवढीच आमची मागणी आहे.