ज्यू दर्यावर्दी : ‘सारा’ जहाज व आंग्र्यांची नाईकी

इ. स. १९३७ सालीं तेल अवीव येथें एक इंग्रजी ग्रंथ छापून निघाला. कर्ते कै. हाईम सॅम्युएल केहीमकर; विषय हिंदुस्थानांतील बेने इस्राएल लोकांचा इतिहास. ग्रंथाची रचना १८९७ ची. म्हणजे छापखान्याचें तोंड पाहण्यास त्यास चाळीस वर्षें लागलीं, व तोंवर कर्ता हयात उरला नाहीं. त्याच वेळीं इटलीच्या किनाऱ्यावर चिव्हिताव्हेक्किया बंदरीं, १९३४ सालीं स्थापन झालेली, बेतार या ज्यू तरुणसंघाची नौकाविद्याशाळा चालू होती. आणि ‘सारा’ नांवाच्या शिडाच्या जहाजावर युरोप, पॅलेस्टाइन व दक्षिण आफ्रिका येथून आलेलीं मुलें दर्यावर्दीपणाचे धडे घेत होतीं. या दोन गोष्टींचा परस्परांशीं कांहीं संबंध असावा असें त्या काळीं कोणास वाटलें असेल, असें दिसत नाहीं. आम्हांस तो वाटतो, म्हणून हा प्रपंच.

शाळेचे प्रमुख यिर्मियाहू हाल्पेर्न यांनींच पुढें तिचा वृत्तांत लिहिला व त्यास ‘हिब्रू नाविकविद्येचें पुनरुज्जीवन’ अशा अर्थाचें नांव दिलें. ज्यानें संस्था चालविली त्यानेंच तिचा इतिहास लिहावा, हा प्रकार बखरींच्या वाचकांस नवा नाहीं. असें लिखाण टाकाऊ नसतें. पण त्याच्या कडेला दुसरा कागद ठेवल्यावांचून तें वाचूं नये. ही शाळा मुसोलिनीच्या राजवटीच्या संमतीनें चालली होती. १९३५ सालीं इटलीनें हबसाणावर स्वारी केली, तेव्हां शाळेच्या विद्यार्थ्यांनीं त्या युद्धास उघड पाठिंबा दिला. त्याच राजवटीनें १९३८ सालीं ज्यूंविरुद्ध वंशभेदाचे कायदे केले, आणि त्याच वर्षीं शाळाही संपली. तेथें शिकलेल्यांपैकीं कांहीं पुढें इस्राएलच्या आरमारांत अधिकारपदास चढले, हें खरें. तथापि आमचा आक्षेप राजकारणावर नसून ‘पुनरुज्जीवन’ या शब्दावर आहे. जें मेलें होतें तेंच पुन्हां जिवंत होतें. ज्यू दर्यावर्दी खरोखरच पृथ्वीवरून नाहींसे झाले होते काय?

केहीमकरांचा ग्रंथ या प्रश्नास कुलाब्याकडून उत्तर देतो. बेने इस्राएलांची मूळकथाच मुळीं फुटलेल्या तारवाची. नवगांवच्या किनाऱ्यास सात पुरुष व सात स्त्रिया जिवंत लागल्या, त्यांचा हा वंश, असें ते सांगत आले. पुढें ते तेलाचे घाणे चालवूं लागले व शनवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून शनवार तेली म्हणविले गेले. त्यांतील चुरीकर घराण्याच्या आरोन नामक पुरुषास आंग्र्यांच्या आरमारांत नाईकी व इनाम जमीन मिळाली, अशी परंपरा केहीमकर नमूद करतात. ती मान्य केल्यास चिव्हिताव्हेक्कियाच्या कितीतरी आधीं एक ज्यू कोंकणांत मराठ्यांच्या निशाणाखालीं समुद्रावर फिरत होता, असें ठरतें.

परंतु ही मान्यताही फुकट देतां येत नाहीं. प्रथम नाईकीचाच विचार करूं. इंग्रजी लेखनांत या नाईकास थेट आरमाराचा सेनापति करून ठेविलेला आढळतो. मराठी वाचकांस हें खटकलें पाहिजे. आरमाराच्या मुख्यास सरखेल म्हणत व तो किताब खुद्द कान्होजीचा होता. नाईक हा लहान तुकडीचाही म्होरक्या असूं शकतो. भाषांतर करतांना पदवी फुगते, आणि फुगलेली पदवी दुसरा लेखक उतरून घेतो.

दुसरी अडचण नांवांची; आणि खरी मेख येथेंच आहे. बेने इस्राएल आपलीं हिब्रू नांवें मराठी वळणानें वागवीत. सॅम्युएलचा सामाजी, एझेकिएलचा हसाजी, अब्राहामचा आबाजी, बेंजामिनचा बनाजी. मुंबईस १७९६ सालीं पहिलें सिनेगॉग बांधणारे सॅम्युएल एझेकिएल दिवेकर हे लोकांत सामाजी हसाजी म्हणूनच ओळखले जात. आतां आरमाराच्या एखाद्या हजिरींत ‘आबाजी’ आला, तर तो मराठा, भंडारी कीं बेने इस्राएल, हें मोडी वाचणाऱ्यानें कसें ओळखावें? आडनांवही उपयोगी पडत नाहीं. पेणकर किंवा रोहेकर कोणत्याही जातीचा असूं शकतो. म्हणून कागदांत ज्यू दिसत नाहींत, एवढ्यावरून ते आरमारांत नव्हते असें म्हणणें जितकें चुकीचें, तितकेंच प्रत्येक हसाजीस ज्यू ठरविणेंही चुकीचें. नांवापुढें ‘शनवार तेली’ किंवा ‘इस्राएल’ अशी जातीची स्पष्ट नोंद असेल, तरच पुरावा उभा राहतो.

१७५६ सालीं वॉटसन व क्लाइव्ह यांनीं विजयदुर्ग घेतला, तेव्हां तुळाजीचें आरमार जळालें. जळालेल्या तारवांवर कोण कोण खलाशी होते हें आतां लाकडास विचारतां येत नाहीं. इनामाच्या सनदेस मात्र विचारतां येतें, कारण जमीन कोणाची हा तंटा पुढेंही चालतो व तंटा कागद जपतो. केहीमकरांनीं परंपरा नोंदविली हा त्यांचा उपकार. तिच्यापाठीमागची सनद शोधणें हें आमचें काम.

खानदेशास समुद्र नाहीं, मग धुळ्याजळगांवकडील संग्राहकांनीं यांत कां पडावें, असें कोणी म्हणेल. तापीकांठचा माल बऱ्हाणपूर, नंदुरबार या मार्गानें सुरतेच्या बंदरीं जात असे. दर्याचा हिशेब आमच्या दप्तरांतही शिरला आहे. शिवाय हें काम सवडीनें करण्यासारखें राहिलेलें नाहीं. १९६५ च्या युद्धांत भारतीय नौदलाच्या ताफ्याचे प्रमुख बेंजामिन अब्राहाम सॅमसन हे बेने इस्राएल होते. पण तोंवर या समाजाचीं पुष्कळ घरें इस्राएलास निघूनही गेलीं होतीं. जाणारे लोक भांडीं विकतात, देव्हारा नेतात. मोडींतला कागद ज्यास वाचतां येत नाहीं तो तो रद्दींत टाकतो. रायगड जिल्ह्यांतील जुन्या बाजारांतून जीं रुमालें आमच्या मंडळींकडे येतात, त्यांत इनाम, तेलघाणा किंवा शनवार हे शब्द दिसल्यास तें रुमाल निरुपयोगी म्हणून बाजूस सारूं नये, एवढीच विनंती.